बेंट, कर्व्ड आणि आमचे मामेसासरे

माझ्या मामेसासऱ्यांइतका सरळ माणूस उभ्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही, आणि वाकड्या वस्तूंचा त्यांच्याइतका नाद असलेला माणूस उभ्या पृथ्वीवर झाला नसावा. (रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत, हे हल्लीच्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.) सरळपणा त्यांच्या अंगातच होता. पाठ इतकी ताठ, की तिच्यावर फूटपट्टी धरली असती तर पट्टीतलाच दोष उघडा पडला असता. गावच्या देवळाचं दार ठेंगणं. भलेभले तिथे मान लववून आत जात. मामा मात्र दर सोमवारी कपाळ आपटून घेत, “दार चुकीचं बसवलंय,” असं पुजाऱ्याला सुनावत आणि मगच देवाला हात जोडत. श्रीवर्धनच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात त्यांची सुपारीची लहानशी वाडी होती आणि तिथल्याच शाळेत ते इंग्रजी शिकवत. माझी बायको आईवेगळी. या मामा-मामींनीच तिला वाढवलेलं. त्यामुळे जावई म्हणून माझे जे काही लाड व्हायचे ते याच घरी, आणि परीक्षा व्हायची तीही याच घरी.

पहिली परीक्षा लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत झाली. मुंबईहून बोटीने आलो होतो. वाटेत पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करून झालं होतं, आणि ओटीवर टेकल्या टेकल्या मामींनी ताटलीत केळी आणून ठेवली तेव्हा मला ती देवीच्या प्रसादासारखी वाटली. एक सोललं, तोंडाशी नेलं, तोच समोरून आवाज आला.

“थांबा, जावईबापू. हे केळं बेंट की कर्व्ड?”

मी एका कचेरीत कारकून होतो. माझं इंग्रजी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ या वाक्याच्या आसपास घुटमळणारं. त्यात केळ्याचा संबंध कधी आला नव्हता. पण नवा जावई गप्प बसला तर मठ्ठ दिसतो, म्हणून मी ठोकून दिलं, “बेंट.”

मामांनी माझ्या हातातलं केळं काढून घेतलं.

“कुणी वाकवलं?”

“अं?”

“बेंट म्हणजे वाकवलेलं. आधी सरळ होतं, मग कुणीतरी बळ लावलं आणि ते वाकलं. याला कुणी बळ लावलं? तुम्ही? की हिनं?”

“मी बाई काही केलं नाही,” मामी दारातून म्हणाल्या. “घडातून काढलं, पुसलं, दिलं. खाऊ द्या हो त्यांना, तोंड बघा कसं उतरलंय.”

“हे जन्मतःच असं आहे. याच्या मनातच असं होतं. म्हणून हे कर्व्ड.” आणि शिक्षा भोगून झालेल्या कैद्याला कपडे परत द्यावेत तसं त्यांनी केळं माझ्या हातात परत दिलं. “घ्या. आता खा.”

त्या दिवसापासून मला कळून चुकलं, की या घरात जगातल्या सगळ्या वाकड्या वस्तूंच्या दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ झालेली चालत नाही. चंद्रकोर कर्व्ड, मामींच्या अंबाड्यातला आकडा बेंट. पोपटाची चोच कर्व्ड, छत्रीची मूठ बेंट. विळीच्या पात्याचा निकाल लागायला त्यांना एक अख्खी सुट्टी लागली. लोहाराने ठोकून वळवलं म्हणजे बेंट म्हणावं, तर विळी कधी सरळ होती असं कुणाच्याच आठवणीत नाही. शेवटी विळीला त्यांनी ‘विचाराधीन’ ठेवलं आणि तोवर मामींनी तिच्यावर दोन नारळ खवून घेतले. गावच्या पोस्टमास्तरांच्या मिशा टोकाशी डौलदार वळलेल्या होत्या. त्या उपजत वळतात की मेण लावून वळवलेल्या आहेत हे बघायला मामा तिकीट घेण्याच्या मिषाने जात आणि खिडकीतून इतके जवळून निरखत, की त्या बिचाऱ्यांनी पुढे मिशाच उतरवल्या. बाजारात कोळणीच्या पाटीतली कोळंबी उचलून ते तिची पाठ बोटाने सरळ करून बघत आणि सोडून देत. ती पुन्हा वळली की समाधानाने मान हलवत. कोळीण एकदा म्हणाली, “मास्तर, घ्यायची तं घ्या. मेल्यावर तरी तिला साळंत घालू नका.”

मुलांना मात्र त्यांनी खरंच शाळेत घातलं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे मुंबईच्या गोदीत लागली, गिरण्यांत गेली, आगबोटीवर खलाशी झाली, काही पार आफ्रिकेच्या बंदरांपर्यंत पोचली. यांतल्या निम्म्यांना इंग्रजी क्रियापदं आयुष्यभर चालवता आली नाहीत, पण खिळा बेंट असतो आणि इंद्रधनुष्य कर्व्ड असतं, यात एकाचीही चूक व्हायची नाही.

मामी या सगळ्याकडे पावसाकडे बघावं तशा बघत. येतो, पडतो, आपण वाळवण उचलून घ्यायचं. त्यांचं माहेर समोरच होतं. समोर म्हणजे अगदी समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर. मागच्या दारात उभं राहिलं की माहेरच्या घराची कौलं दिसत. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहत, त्यांना सगळा मुलूख ‘दादा’ म्हणे. दादा म्हणजे मामांच्या नेमके उलट: पोट सुटलेलं, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मॅट्रिकच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन तिथूनच परत आलेले. खाडीत माणसांची ने-आण करणाऱ्या तरीचा मक्ता त्यांच्याकडे होता, त्यामुळे या काठावरून त्या काठावर जायचं तर दादांच्याच होडीतून जावं लागे. मामा आणि दादा एकमेकांवाचून आठ दिवस राहत नसत आणि एकत्र आले की आठ मिनिटं शांत बसत नसत. ही मैत्री मोडली ती एका जिलबीपायी, आणि दुर्दैवाने मी मधल्या पाटावर होतो.

दादांच्या मुलाची मुंज होती. पंगत बसली, जिलबी आली. मामांनी एक वेढा उचलून मला विचारलं, “काय वाटतं?” मी एव्हाना तयार झालो होतो. “कर्व्ड,” मी झोकात म्हणालो. “चूक. धार सरळ पडते, आचारी हात फिरवतो. बेंट.” हे दादांनी ऐकलं. ते आग्रहाचं ताट घेऊन आमच्यासमोरच उभे होते.

“अहो मास्तर, बेंट काय न् कर्व्ड काय, दोन्ही शेवटी वाकडीच. जेवा आता.”

“दादा, ते एक नव्हे.”

“एकच. आमच्याकडे डिक्शनरी आहे. दोन्हींच्या पुढे ‘वाकडा’ असंच छापलंय.”

“मग डिक्शनरी बदला.”

“अहो, मुंबईची आहे ती!” दादा म्हणाले, आणि सगळी पंगत खदखदून हसली. “तुम्ही काय बदलायला सांगता? तुम्ही पोरांना उगाच नसलेलं शिकवता आणि वर सरकारचा पगार घेता!”

दादांनी हे थट्टेत म्हटलं होतं. पण मामांची कानशिलं लाल झाली. त्यांनी आपोष्णीचं पाणी घेतलं, ताटाला नमस्कार केला आणि ते उठले. आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळे मागे धावले. धक्क्याशी जाऊन मामांनी मागे वळून सांगितलं, “ज्या माणसाला माझ्या शिकवण्याची किंमत नाही, त्याच्या तरीत मी पाय ठेवणार नाही. शब्द आहे माझा.”

या प्रतिज्ञेत एक अडचण होती, ती त्यांच्या उशिरा ध्यानात आली. प्रतिज्ञा त्यांनी पलीकडच्या काठावर केली होती आणि घर अलीकडच्या काठावर होतं. पण शब्द तो शब्द. मामा डोंगर चढून गेले, महाडची गाडी धरली, महाडहून माणगाव, माणगावहून श्रीवर्धन आणि तिथून पायपीट करत दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरी पोचले. आम्ही तरीने आलो होतो. पान लावून तोंडात घालीपर्यंत उतरलो होतो. मामी त्यांना एवढंच म्हणाल्या, “पाणी काढलंय. न्हाऊन घ्या.”

त्यानंतर चार-पाच वर्षं मामी माहेरी गेल्या नाहीत. मामांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं. उलट, “तू जा ना, माझा शब्द माझ्यापुरता आहे,” असं ते सणासुदीला म्हणत. माझ्या बायकोनेही एकदा विषय काढला. मामी म्हणाल्या, “ज्या दारातून हे उपाशी उठले, त्या दारात मी एकटी जाऊन काय गोड जेवू गं?” पण संध्याकाळी मागच्या दारी सुपारी सोलायला बसल्या की त्यांची नजर हातातल्या सुपारीवर नसे. पलीकडच्या कौलांतून धूर निघाला की त्या आपल्याशीच बोलत: “वहिनीनं आज चूल उशिरा पेटवली.” “आज पाहुणे दिसतात, दोन्ही चुली लागल्यात.” असं त्यांचं धुरावरचं माहेरपण चाललेलं असे.

मग एका दिवाळीत, मी तिथेच होतो, दादांची तर वल्हवणारे म्हातारे मुसलमान तांडेल अंगणात येऊन उभे राहिले. दोन्ही घरांशी त्यांचा सारखाच घरोबा.

“मास्तर, दादांचा निरोप हाय. पोरीचं लगीन ठरलं, वैशाखात. आत्याला आणि मास्तरांना घेऊनशी ये, असं बोलले. मी बोललो, सांगतांव, पुढं अल्लाची मर्जी नि मास्तरांची.”

ही पोर म्हणजे दादांची धाकटी लेक. तिच्या जन्मानंतर तिची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हिला मामींनी इकडे आणून वाढवलं होतं. तिचं पहिलं पाऊल याच पडवीत पडलेलं. मामींना स्वतःचं मूल नव्हतं. निरोप ऐकून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या डोळे कोरडे करून.

“तू जा,” मामा म्हणाले.

“जाईन तर जोडीनं जाईन. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला मी एकटी उभी राहणार नाही. आणि तुम्हाला शब्द मोडा असंही म्हणणार नाही. तुमचं तुम्ही बघा.”

त्या दिवशी मामांनी भातावर ताक घेतलं आणि ताकावर वरण. महाडच्या वाटेने मामींना नेणं शक्य नव्हतं. त्यांचे गुडघे तो डोंगर उतरू देणारे नव्हते. कोळ्यांच्या होड्या होत्या, पण मक्तेदाराला डावलून माणसं पलीकडे न्यायला कुणी तयार होईना. सकाळी चहा घेताना मामांनी जाहीर केलं, “मी होडी बांधतो. स्वतःच्या होडीतून स्वतःच्या बायकोला न्यायला कुणाचा मक्ता आड येत नाही.”

गावात होड्या बांधणारा एक मिस्त्री होता. हात चांगला, पण कामापेक्षा चहावर जीव अधिक. त्याने सांगितलं, तीन महिन्यांत देतो. आणि मग होडीच्या पोटातल्या फासळ्यांचा विषय निघाला.

“त्याला काय व्हतंय मास्तर? फळी इस्तवावर धरायची, पानी मारायचं, वर धोंडं ठेवायचं. वाकते गुमान.”

“ते बेंट झालं. बेंट लाकूड जन्मभर सरळ व्हायची संधी शोधत असतं. त्याच्या भरवशावर मी हिला पाण्यात घालणार नाही. मला कर्व्ड लाकूड पाहिजे. झाडावरच वळलेलं.”

“आवो, समदी खाडी तसल्याच होड्यांनी भरलीय!”

“त्यांत माझी बायको बसत नाही.”

मिस्त्रीने आणखी एक चहा मागवला आणि विषय सोडून दिला. तिथून मामांचं झाडं बघणं सुरू झालं. शाळा सुटली की ते दोरीने हव्या त्या आकारात ताणून बांधलेली बांबूची एक कामटी हातात घेऊन निघत आणि दिसेल त्या फांदीला ती लावून बघत. कामटी स्वतःच बेंट आहे, हे मी एकदा धीर करून दाखवून दिलं. “नमुना बेंट चालतो, माल कर्व्ड हवा,” ते म्हणाले. मास्तर दिसले की लोक आपापल्या झाडांच्या आड उभे राहू लागले. एका म्हातारीने तर स्पष्टच सांगितलं, “मास्तर, माझ्या फणसाकडं असं बघू नका हो. औंदा पहिल्यांदाच धरलाय तो.” कुणाचा आंबा, कुणाची उंडी, देवळामागची भेंडीची झाडं (भाजीची भेंडी नव्हे, ही चांगली मोठी झाडं होतात), असं करत करत शिमग्यापर्यंत त्यांनी सगळ्या फासळ्या जमवल्या. मी शिमग्याला गेलो तेव्हा अंगणात होडीचा सांगाडा उभा होता. मांजराने खाऊन ठेवलेल्या माशासारखा दिसत होता, पण मामा त्याच्याभोवती असे फिरत होते की जणू आगबोटीचे मालकच. फासळीन् फासळी जन्मतः वळलेली. फक्त नाळ राहिली होती, म्हणजे होडीचं ते पुढचं, पाणी कापणारं जाड लाकूड. त्या जाडीचं आणि त्या वळणाचं झाड काही केल्या मिळेना.

चैत्र गेला. वैशाख लागला. मामांनी जवळपासची गावं पालथी घातली. मी लग्नाची रजा घेऊन पोचलो तेव्हा नाळेची जागा तशीच रिकामी होती आणि मामी ओटीवर येऊन उभ्या होत्या. त्यांचा चढा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“माझी पोर तिकडे हळदीला बसेल, आणि तुम्ही रानात झाडाला मिठी मारून उभे असाल. मला नको तुमचं कर्व्ड. वाकवा हो मिस्त्री, कसं वाकवायचं ते वाकवा.”

मामांनी आकाशाकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं आणि माझ्याकडेही बघितलं. माझ्याकडे बघून कुणाला आधार मिळाल्याचं ऐकिवात नाही. मग ते हळूच म्हणाले, “वाकवा.” ऐनाचा एक सरळसोट वासा मिस्त्रीने विस्तवावर धरला, पाणी मारलं, धोंडे चढवले. लाकूड करकरलं तेव्हा मामा पाठ फिरवून सुपारीच्या वाडीत निघून गेले.

“मास्तरीणबाई, हे म्हैनाभर असंच धोंड्याखाली ऱ्हायलं पायजे,” मिस्त्री म्हणाला.

“लग्न चार दिवसांवर आलंय. परवा काढा धोंडे.”

लग्नाच्या सकाळी होडी पाण्यात गेली. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आंब्याचा टहाळा बांधला. मी मिस्त्रीला म्हटलं, चला, बसा, पहिला मान तुमचा. तो दोन पावलं मागे सरला. “मी बांदतो, सायेब. बसत न्हाय.” माझी बायको शहाणी. ती आदल्या दिवशीच मदतीच्या निमित्ताने तरीने पलीकडे गेली होती. होडीत राहिलो आम्ही तिघं: मध्ये ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, मांडीवर आहेराचं तबक धरलेल्या मामी, आणि वल्ह्यांवर मामा नि मी. आयुष्यात दऊत-टाकापेक्षा जड वस्तू मी हाताळली नव्हती. तरीही काठ सुटला, होडी तरंगली, आणि मामी पहिल्यांदा हसल्या. समोर माहेरची कौलं होती. सनई ऐकू येत होती.

खाडीच्या मध्यावर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की कौलं समोर नाहीत, उजवीकडे आहेत. थोड्या वेळाने ती मागे गेली. पुढे आमचाच गाव दिसू लागला, आणि काठावर मिस्त्री कपाळाला हात लावून उभा.

“जावईबापू, तुम्ही वल्हं नीट मारत नाही.”

माझ्यावर माझाही विश्वास नसल्यामुळे मी ते लगेच कबूल केलं. पण दुसऱ्या खेपेलाही होडीने तोच बेत केला. सरळ जायला निघायची आणि गुपचूप डावीकडे वळायची. मामा पुढे वाकून नाळ बघून आले. लाकूड एका बाजूला कलंडत चाललं होतं.

“ती परत सरळ व्हायला बघतेय,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मी सांगितलं होतं.”

एवढ्यात ओहोटी लागली आणि होडी चिखलाच्या एका उंचवट्यावर जाऊन बसली. ना मागे, ना पुढे. पलीकडे सनईच्या जोडीला ताशा सुरू झाला. मामींनी तबकावरचा रुमाल सारखा केला. “मंगलाष्टकं सुरू होतील हो,” असं त्या म्हणाल्या, अगदी लहान मुलीसारख्या, आणि मामांनी वल्हं खाली ठेवलं. मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. खांदे पडलेले.

तेवढ्यात पलीकडून दादांची तर आली. हाताशी मिळाले ते चार वऱ्हाडी घेतलेली. पुढच्या टोकाला स्वतः दादा उभे, फेटा बांधून, मुलीचा बाप. त्यांनी मुहूर्ताच्या तोंडावर घर सोडून ही तर का काढली, हे मी पुढे तांडेलांना विचारलं. ते म्हणाले, “पोरगी अडून बसली. आत्या आल्याबिगर अंतरपाटापाशी हुभी ऱ्हात नाय बोलली.”

तर आमच्या जवळ येऊन थांबली. चार-पाच वर्षांनी दोघं समोरासमोर.

“मास्तर, चढा इकडे,” दादा म्हणाले.

“शब्द दिलाय, दादा.”

“अहो, आज तरी...”

“शब्दाला आज-उद्या नसतं.”

दादांचा फेटा हलला. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात मामी होडीत उठून उभ्या राहिल्या. होडी डगमगली, मी तळाशी बसलो.

“दादा, ह्यांना चढायचं नाहीये आणि तुला आग्रह आवरायचा नाहीये. दोघं उभे राहा असेच, आणि माझी पोर तिकडे खोळंबू दे. दोर टाक.”

“काय?”

“दोर टाक म्हणते! तरीत पाय ठेवणार नाही, एवढाच ह्यांचा शब्द आहे. तरीला बांधून घेणार नाही असं कुणी म्हटलंय?”

 मग तांडेल म्हणाले, “आपा बरोबर बोलली,” आणि दोर आमच्या अंगावर येऊन पडला. मामांनी तो स्वतःच्या हाताने नाळेला बांधला. तरीवरच्या माणसांनी जोर लावला, होडी चिखलातून सुटली आणि दादांच्या मागून, लेकरू आईचा पदर धरून चालतं तशी, निमूट निघाली. मधेमधे डावीकडे जायला बघे, पण दोर तिला आवरून धरी.

दादा तरीच्या मागच्या टोकाला येऊन बसले होते. बराच वेळ त्यांनी होडीची चाल बघितली.

“मास्तर, ही अशी का हो जाते?”

“नाळ बेंट आहे.”

“आणि कर्व्ड असती तर?”

“तर आम्ही केव्हाच मांडवात असतो.”

“म्हणजे फरक असतो म्हणा की!” हे बोलून गेल्यावर, आपण काय बोललो ते दादांच्या ध्यानात आलं. त्यांनी आधी फेट्यावरून हात फिरवला. मग पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसत सुटले की तांडेलांनी त्यांना दंडाला धरून ठेवलं. मामाही हसले. मामांना मोठ्याने हसताना बघून मामी रडल्या. मंगलाष्टकं वेळेवर झाली आणि अक्षता टाकायला दोघं जोडीने उभे राहिले. जेवताना दादा आग्रहाचं ताट घेऊन आले आणि वाकून मामांच्या कानात म्हणाले, “तरी माझ्या मते दोन्ही एकच बरं का.” मामांनी चार लाडू घेतले.

पुढे दहा-बारा वर्षं हा परिपाठच झाला. दर रविवारी सकाळी तर या काठाला लागे, तांडेल दोर टाकत, आणि मामा-मामी आपल्या होडीत बसून तरीमागून माहेरी जात. नाळ बदलून घ्या, असं मिस्त्रीने कितीदा सांगितलं. मामांनी बदलली नाही. खाडीतून जाणाऱ्या नव्या माणसाला ते दृश्य विचित्रच वाटत असणार: माणसांनी भरलेली तर, तिच्यामागे एक चिमुकली होडी, तिच्यात काळी छत्री धरून ताठ बसलेला एक म्हातारा आणि पदर सावरून बसलेली त्याची बायको. पलीकडे पोचलं की दोघा म्हाताऱ्यांचं सुरू व्हायचं ते संध्याकाळच्या भरतीपर्यंत. दादा मुद्दाम नवनव्या वस्तू शोधून ठेवत. कधी बैलाचं शिंग, कधी सायकलचा दांडा. एकदा त्यांनी मुंबईहून आलेल्या पाहुण्याचं नाकच पुढे केलं होतं.

दादा गेले ते भाताची लावणी आटोपल्यावर, दुपारी जेवून जरा आडवे झाले असताना. निरोप घेऊन तांडेल आले आणि सवयीने दोर हातात घेऊन उभे राहिले. मामा धक्क्यावर आले. त्यांनी दोराकडे बघितलं नाही. मामींचा हात धरला आणि सरळ तरीत चढून बसले. तांडेलांनी दोर गुंडाळून ठेवला. 

दोनेक महिन्यांनी मी गेलो. मामा ओटीवर होते. पाठ तशीच, पण ताठ बसायचं कशासाठी हे विसरून गेल्यासारखी. मामींनी मला आत बोलावून घेतलं. “हे कशालाच काही म्हणत नाहीत हो. परवा खुंटी ठोकताना खिळा वाकला, तर नुसतं ‘वाकला’ म्हणाले. एवढंच.” त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. “तुम्ही बघा काहीतरी.”

मी बघण्यासारखं काय बघणार होतो? बाहेर येऊन मामांच्या शेजारी बसलो. अंगणाच्या कडेला नारळाची एक झावळी वाऱ्याने खालपर्यंत ओणवली होती. इतक्या वर्षांत मी मामांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. चुकीचं उत्तर दिलं होतं, ते वेगळं. मी घसा साफ केला.

“मामा, खरं सांगू का? मला हे तुमचं कधी पटलंच नाही. बेंट काय आणि कर्व्ड काय, दोन्ही एकच.”

 मामांची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“कशाच्या आधारावर?”

“डिक्शनरीच्या.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. मामा माझ्याकडे बघत राहिले. मी काय करतोय हे त्यांना न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं, पाय खाली सोडले, आणि बोटाने ओटीवरची माती सपाट करून तिच्यावर एक रेघ ओढली.

“जावईबापू,” ते म्हणाले, “मुंबईत राहून तुम्ही काही म्हणता काही शिकला नाहीत. या इकडे. सरकून बसा. आज जेवायला उशीर होईल.”

आत मामींनी भाताखालचा विस्तव मागे ओढला.